जुन्या खुर्च्यांच्या गावात

नगरला पाहुणे आले की त्यांना काय दाखवायचं, हे आम्हा नगरच्या बायकांचं अगदी ठरलेलं असतं. सकाळी भुईकोट किल्ला, मग फराहबाग, दुपारी रणगाड्यांचं संग्रहालय आणि ऊन उतरलं की चांदबिबीचा महाल. (महाल कसला, ती खरं म्हणजे सलाबतखानाची कबर! पण तीन मजली अष्टकोनी इमारत, डोंगरावरचा वारा आणि चांदबिबीचं नाव एवढं जुळून आल्यावर कबर कोण म्हणणार?) पाहुणे शिर्डी-शिंगणापूर उरकून आलेले असतात, पाय दुखत असतात, आणि घरी परतल्यावर त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य निघतं ते असं, "वहिनी, आधी जरा टेकू द्या!"

या टेकण्याविषयीच आज लिहायचं आहे. २०२४ साली आमच्या शहराचं आणि जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण जिभेला अजून नगरच येतं, तेव्हा इथंही नगरच म्हणते. क्षेत्रफळानं महाराष्ट्रातला हा सर्वांत मोठा जिल्हा. किल्ले, मंदिरं, धरणं, साखर कारखाने, सगळं आहे. पण माणसं बसत कशावर होती, हे कुणी पाहायला जात नाही. मी मात्र गेली दोन-तीन वर्षं, शाळेला सुटी असली की, तेच पाहत हिंडते आहे. आमचे 'हे' म्हणतात, "लोक देव पाहायला जातात, तू खुर्च्या पाहायला जा." म्हणू देत बापडे!

आपल्याकडे मुळात खुर्ची नव्हतीच. होती ती बैठक. जाजम, सतरंजी, त्यावर गादी, पाठीला लोड-तक्के. बाजेवर झोपायचं, पाटावर जेवायचं, ओट्यावर गप्पा मारायच्या. मोठा मान होता तो गादीचा. ज्यांच्या नावानं आज आमचा जिल्हा ओळखला जातो त्या अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली याच जिल्ह्यातल्या, जामखेड तालुक्यातल्या चौंडी गावचा. १७६७ पासून १७९५ पर्यंत त्यांनी महेश्वरहून राज्य चालवलं, आणि तेही गादीवर बसून. राज्य करायला उंच आसन लागतंच असं नाही, हे त्यांच्याकडे पाहून कळतं.

खुर्ची आली ती साहेबाबरोबर. ऑगस्ट १८०३ मध्ये वेलस्लीनं नगरचा किल्ला घेतला, पुढं भिंगारजवळ लष्कराची छावणी वसली. आम्ही तिला नुसतं 'कॅम्प' म्हणतो. रुंद रस्ते, दुतर्फा कडुनिंब आणि वडाची झाडं, मागं सरकून बसलेले कौलारू बंगले आणि त्यांना चारी बाजूंनी व्हरांडा. या व्हरांड्यासाठी एक खास खुर्ची होती. तुम्ही ती पाहिली असेलच. पाठ मागं कललेली, बैठक आणि पाठ मिळून वेताची एकच लांब जाळी, आणि दोन्ही हात एवढे लांब की पुढं जमिनीवर सावली पडावी. काही खुर्च्यांना या हातांच्या खाली आणखी दोन फळ्या असतात, त्या फिरवून पुढं काढता येतात. दिवसभर घोड्यावर बसून आलेल्या साहेबानं संध्याकाळी त्या हातांवर बूटांसकट पाय टाकायचे आणि गड्यानं बूट ओढून काढायचे, अशी ती सोय. मळेवाल्यांच्या बंगल्यांत, डाकबंगल्यांत, रेल्वेच्या विश्रामगृहांत, सगळीकडे हीच खुर्ची.

साहेबांच्या बदल्या होत. बदली झाली की जड सामान कुठं न्यायचं? ते विकलं जाई. असं करत करत या खुर्च्या वकिलांच्या, डॉक्टरांच्या, मामलेदारांच्या घरी आल्या. गावातल्या सुतारांनी त्या पाहून तशाच नव्या केल्या. आमच्या भागात माळावर होतं काय, तर बाभूळ आणि कडुनिंब. चांगलं सागवान बाहेरून यायचं, आणि त्यातही ब्रह्मदेशाच्या सागवानाला मोठा मान. १९४२ साली जपाननं ब्रह्मदेश घेतला आणि ती आवक थांबली. म्हणून अजूनही एखादी म्हातारी खुर्ची दाखवताना घरातले लोक आवाज जरा खाली आणून सांगतात, "बर्मा टीक आहे बरं का!"

पण मैत्रिणींनो, एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? या खुर्चीत बाई कशी बसणार? लुगडं नेसलेल्या बाईनं हातांवर पाय टाकून बसायची सोयच नाही. ती खुर्ची करतानाच बाई कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हती. आपल्या घरांत ती ओसरीवर किंवा दिवाणखान्यात आली, तिला नाव पडलं 'आरामखुर्ची', आणि आराम घरातल्या कर्त्या पुरुषाच्या वाट्याला आला. बायकांना फार तर झोपाळा, तोही दुपारी, पुरुष बाहेर गेल्यावर.

बाईला स्वतःच्या हक्काची पहिली खुर्ची कुठली मिळाली असेल, याचा मी विचार करते तेव्हा मला नगरच आठवतं. अमेरिकन मराठी मिशनचं काम इथं १८३१ साली सुरू झालं. मिशनच्या सिंथिया फरार या बाईंनी नगरला मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुल्यांवर या शाळांचा प्रभाव पडला आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचं शिक्षण फरारबाईंकडे नगरला घेतलं. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली आणि सावित्रीबाई शिक्षिका झाल्या. शिक्षिकेची खुर्ची! साधी, सरळ पाठीची, बिनहातांची. आराम तिच्यात मुळीच नाही. पण ती कोणी उठवून घ्यायची नाही. मी अर्धवेळ शिकवते. तासाला वर्गात बहुतेक वेळ उभीच असते, तरी टेबलामागची ती खुर्ची पाहून मला दर वेळी जरा ताठ व्हावंसं वाटतं.

आता किल्ल्यात चला. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे, तेव्हा ओळखपत्र बरोबर ठेवा आणि वेळ आधी विचारून घ्या. खंदक ओलांडून आत गेलं की गोंगाट एकदम मागं राहतो. ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव'च्या ठरावानंतर काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना पकडून इथं आणलं. नेहरू, मौलाना आझाद, वल्लभभाई, पंत, आचार्य नरेंद्र देव, कृपलानी, आपले शंकरराव देव, असे सगळे. नेहरू १९४५च्या मार्चपर्यंत इथं होते आणि १९४४च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच-सहा महिन्यांत त्यांनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथंच लिहून काढलं. त्यांच्या खोल्या जपून ठेवलेल्या आहेत. तिथलं लाकडी सामान अगदी साधं, कोणत्याही सरकारी कचेरीत शोभेल असं. आपण राजवाड्यातली सिंहासनं दोरीपलीकडून पाहतो तेव्हा मन हलत नाही, पण एवढ्याशा खोलीतलं असं सामान पाहून गलबलतं. वर्षानुवर्षं रोज त्याच चार वस्तू, त्याच भिंती!

मौलाना आझादांनी इथं लिहिलेली पत्रं 'गुबार-ए-खातिर' या नावानं प्रसिद्ध आहेत. पहाटेचा चहा आणि खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्या यांच्याविषयी त्यांनी त्यात किती रंगून लिहिलं आहे! आणि याच खोलीत १९४३ साली त्यांना कळलं, की कलकत्त्याला आपली पत्नी झुलेखा बेगम वारली. शेवटची भेट नाही. आम्ही दोघीतिघी मैत्रिणी तिथं उभ्या होतो. कोणी काही बोललं नाही. एक जण फक्त म्हणाली, "चहा करून घालायलाही कोणी आपलं नव्हतं गं."

त्याआधी, महायुद्ध सुरू झालं तेव्हा, इंग्रजांनी हिंदुस्थानात सापडलेल्या जर्मन आणि ऑस्ट्रियन माणसांनाही नगरच्या छावणीत नजरकैदेत आणलं होतं. तिबेटातल्या सात वर्षांवर पुस्तक लिहिणारा गिर्यारोहक हाइनरिश हॅरर हाही १९३९ साली काही दिवस इथं होता. ही गोष्ट लक्षात ठेवा हं, पुढं तिचा धागा लागणार आहे.

आता जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यात भंडारदऱ्याला जाऊ. प्रवरेवरचं हे विल्सन धरण १९२६ साली पुरं झालं. पावसाळ्यात गेलात तर रंधा धबधब्याचा आवाज आधी येतो आणि धबधबा मग दिसतो. पण मी सांगेन, दिवाळीनंतर जा. पाणी काठोकाठ, डोंगर अजून हिरवे, आणि हवेत गोड गारवा. आम्ही उतरलो होतो तिथल्या व्हरांड्यात वेताच्या दोन जुन्या खुर्च्या होत्या. मुलं पाण्याकडे पळाली, हे त्यांच्यामागं, आणि मी पाऊण तास नुसती बसून राहिले. हातात विळी नाही, वह्या नाहीत, मोबाइलही आत राहिलेला. खुर्ची ही काय चीज आहे ते मला त्या दिवशी समजलं, असं म्हटलं तरी चालेल.

या धरणाचा आणि आपल्या सोफासेटचा थेट संबंध आहे, हे सांगितलं तर हसाल. पण पाहा. भंडारदऱ्याचं पाणी प्रवरेच्या कालव्यांतून खाली आलं, कोरडवाहू रानात ऊस उभा राहिला. त्या उसावर १९५० साली लोणीजवळ, आजच्या प्रवरानगरला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना सुरू झाला. त्यामागून जिल्ह्यात आणखी कारखाने निघाले. कारखाना आला म्हणजे अतिथिगृह आलं, अधिकाऱ्यांच्या वसाहती आल्या, बँक आली, शाळा-कॉलेज आलं, पगारदार माणसं आली. उसाचे चार पैसे हातात आलेल्या शेतकऱ्यानं माडीचं घर बांधलं. आणि या सगळ्यांनी बैठकीच्या खोलीत मांडला तो सोफासेट!

तो पन्नास-साठ-सत्तर सालचा सोफासेट डोळ्यांसमोर आणा बरं. एक तिघांचा, दोन एकेकाचे. लाकडाची बारीक चौकट, पाय खाली निमुळते होत गेलेले आणि किंचित तिरपे. पाठीला वेताची जाळी किंवा उभ्या पट्ट्या. वर सुट्या गाद्या, आधी कापसाच्या, मग डनलॉपच्या, आणि त्यांवर घरी शिवलेली खोळ किंवा कोपऱ्यात भरतकाम केलेलं कापड. मध्ये सनमायकाचं टीपॉय, कोपऱ्यात रेडिओ, भिंतीला काचेचं शोकेस. ज्यांना हेही परवडत नसे त्यांच्याकडे लोखंडी सळईच्या, प्लॅस्टिकच्या रंगीत वायरनं विणलेल्या खुर्च्या. वायर तुटली की गल्लीतून जाणाऱ्या विणकऱ्याला हाक मारायची, तासाभरात खुर्ची नवी!

हे सगळं आपलंच, आपल्याच गावचं, असं मला वाटत होतं. माझी एक मावसबहीण मेलबर्नला असते. दोन वर्षांपूर्वी तिनं तिकडच्या जुन्या सामानाच्या दुकानातले फोटो पाठवले आणि विचारलं, "ओळख, ही कोणाची बैठक?" मी म्हटलं, "तुमच्या काकांची, संगमनेरची!" तर ती निघाली ऑस्ट्रेलियातली, १९५० च्या आसपासची. तिकडे आता हे सामान दुर्मिळ समजलं जातं. लोक शोधत हिंडतात आणि नव्या सोफ्याहून जास्त पैसे मोजून घेतात.

मग मला त्याचा नादच लागला. महायुद्ध संपलं तेव्हा ऑस्ट्रेलियातही लाकूड, कापड, स्प्रिंगा, सगळ्याचीच टंचाई होती. तरुण जोडपी नवी, छोटी घरं मांडत होती. त्यांना आजोबांची अवजड कोचं नको होती. तेव्हा सिडनीच्या डग्लस स्नेलिंगनं आणि मेलबर्नच्या ग्रँट फेदरस्टननं लाकडाच्या हलक्या चौकटीवर कापडी पट्टे आडवे-उभे विणून खुर्च्या केल्या. म्हणजे काय, तर आपली नवार! आपल्या आजीच्या पलंगाची नवार तिकडे खुर्चीला लागली आणि तिचं नाव झालं. क्लेमंट मेडमोर नावाच्या तरुणानं लोखंडी सळईच्या चौकटीवर दोरी ताणून खुर्ची केली. तिचा फोटो पाहिला तर आपल्या वायरच्या खुर्चीची थोरली बहीण वाटेल. हा मेडमोर पुढं अमेरिकेत जाऊन मोठा शिल्पकार झाला.

फेदरस्टनची गंमत वेगळीच. १९५१ साली त्यानं शरीराच्या वळणावर बेतलेली 'कॉन्टूर' खुर्ची आणली. प्लायवुड साच्यात दाबून गोलाई आणायची तर मोठी यंत्रं हवीत, ती नव्हती. म्हणून त्यानं प्लायवुडच्या सपाट पानाला कात्रण दिली आणि कडा जवळ ओढून गोलाई आणली. वाचता वाचता मी हसूनच उठले. अहो, ब्लाउजला आपण टक्स घालतो ते दुसरं काय असतं? सपाट कापड अंगावर बसवायची आपली रोजची युक्ती!

आणि आता तो धागा. तिकडच्या गाजलेल्या फर्निचर कंपन्यांतली एक 'फ्लेर'. फ्रेड लोवेन आणि अर्न्स्ट रोडेक या दोघांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडलं. हिटलरच्या छळातून सुटून आलेले हे निर्वासित. इंग्रजांनी १९४० साली त्यांना 'डुनेरा' जहाजातून ऑस्ट्रेलियात पाठवलं आणि तिथं नजरकैदेत ठेवलं. युद्ध संपल्यावर, १९४६ साली, त्यांनी मिळून लाकडाच्या छोट्या वस्तू करायला सुरुवात केली आणि पुढं घरोघरी त्यांच्या खुर्च्या गेल्या. आमच्या नगरच्या छावणीत काटेरी तारेआड बसलेल्या माणसांसारखीच ही माणसं! घर हिसकावून घेतलेल्यांनी दुसऱ्यांची घरं सजवली. मला त्या खुर्च्यांपेक्षाही ही गोष्ट जास्त देखणी वाटते.

पन्नास-साठ-सत्तर वर्षं झाली तरी या सामानाची ओढ का कमी होत नाही? मला जे दिसलं ते सांगते. पहिलं म्हणजे ते पायांवर उभं असतं. खालून जमीन दिसते, त्यामुळं खोली मोठी वाटते, आणि केरसुणी सहज खाली जाते. आजच्या जमिनीला चिकटलेल्या गुबगुबीत सोफ्याखाली काय काय साठतं, ते दिवाळीच्या साफसफाईत विचारा! दुसरं, ते हलकं असतं. हळदीकुंकवाला एकटी बाई ते सरकवून जागा करू शकते. तिसरं, ते दुरुस्त होतं. गादी वेगळी, जाळी वेगळी, चौकट वेगळी. एक बिघडलं म्हणून सगळं टाकावं लागत नाही. आणि चौथं म्हणजे माप. बसणाऱ्याची पाठ, कोपर, गुडघा यांचा विचार कोणीतरी केलेला असतो. दिखाऊपणाची हौस लवकर फिटते. नेमकं माप मात्र जुनं होत नाही.

आपण मात्र आपल्या वस्तू वजनावर विकतो. चंदीगडची हकीकत ऐका. नवं शहर उभारताना ल कॉर्ब्युझिएचा चुलतभाऊ पिएर जानेरे यानं पन्नासच्या दशकात कचेऱ्या, कॉलेज, घरं यांसाठी सागवान आणि वेताच्या खुर्च्या करवून घेतल्या. साध्या, मजबूत, उलट्या व्ही अक्षरासारख्या पायांच्या. पुढं त्या मोडक्या म्हणून गच्चीवर आणि गोदामांत टाकल्या आणि भंगाराच्या लिलावात विकल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या नेल्या, नीट केल्या आणि तिकडच्या लिलावांत एकेक खुर्ची लाखांनी विकली. शेवटी २०११ साली केंद्र सरकारनं या वारसा-सामानाच्या विक्रीला बंदी घातली, तोवर पुष्कळसं गेलं होतं. घरचं सोनं बाहेरच्यानं ओळखावं, याहून वाईट काय?

आमच्याही घरी हा प्रश्न आला. मामंजी गेले, आम्ही सावेडीला फ्लॅट घेतला, आणि जुन्या घरातली त्यांची लांब हातांची आरामखुर्ची न्यायची की नाही यावर चर्चा झाली. वेत फाटलेला, एक पाय डगमगणारा. भंगारवाल्यानं अडीचशे रुपये सांगितले. हे म्हणाले, "जागा किती अडवते ती! देऊन टाकू." सासूबाई एवढंच म्हणाल्या, "तुमचं तुम्ही ठरवा. मी काय कधी तिच्यात बसले नाही."

पन्नास वर्षांच्या संसारात त्या एकदाही त्या खुर्चीत बसल्या नव्हत्या! मामंजी काही कडक नव्हते. कोणी मनाई केलेली नव्हती. तसं बसायचं नसतं, एवढंच. आणि आता त्यांचे गुडघे गेलेले, डॉक्टरांनी जमिनीवर बसायचं नाही म्हणून बजावलेलं, आणि नव्या मऊ सोफ्यात त्या एवढ्या रुततात की दोघांनी धरून उठवावं लागतं.

मी यांना म्हटलं, "अहो, खुर्ची आईंसाठी नीट करून घेऊ. नाही जमलं तर मग द्या." भिंगारचे एक वयस्क सुतार आले. त्यांनी डगमगता सांधा उकलून पुन्हा बसवला, चारी पायांना चार-चार बोटं उंचीचे सागवानी ठोकळे जोडले, पाठीचा कल जरा कमी केला. वेत नव्यानं विणून घेतला. खर्च नव्या सोफ्याच्या चौथाईनंही नाही. आणि गंमत अशी, की ज्या लांब हातांवर साहेबानं पाय टाकायचे, ते सासूबाईंना उठताना धरायला नेमके उपयोगी पडतात. तळवे पुढं सरकवायचे, जोर द्यायचा, की झालं. कोणाचा हात लागत नाही.

पहिले काही दिवस त्या अगदी कडेला बसत, जणू दुसऱ्याच्या घरी आल्यासारख्या. "बाई माणसानं असं पसरून बसायचं म्हणजे..." आणि दारात कोणी पुरुष माणूस आलं की लगबगीनं उठत. गेल्या चैत्रात त्यांचे थोरले दीर आले. माझं लक्ष होतं. सासूबाईंनी पदर सावरला, म्हणाल्या, "या भावजी, बसा," आणि स्वतः बसूनच राहिल्या. भावजीही काही न बोलता समोरच्या खुर्चीवर बसले. चहा ठेवायला मी आत गेले ते डोळे पुसतच.

तर मैत्रिणींनो, तुमच्याकडे अशी जुनी बैठक असेल तर विकण्याआधी चार गोष्टी करून पाहा.

लाकूड ओळखायचं असेल तर खुर्ची उलटी करा. खालच्या बाजूला रंग-पॉलिश नसतं, तिथं अस्सल लाकूड दिसतं. सागवान सोनेरी-तपकिरी, हाताला किंचित तेलकट लागणारं. जोड पाहा, खिळे कमी आणि कूस-खाच जास्त असेल तर कारागीर चांगला होता असं समजा.

वेत सैल पडला असेल तर लगेच बदलू नका. खालच्या बाजूनं ओल्या फडक्यानं चांगला भिजवा आणि सावलीत वाळू द्या. वाळताना तो आवळतो. आमच्या नगरची हवा कोरडी, उन्हाळ्यात वेत कडकडून तुटतो, म्हणून चैत्र-वैशाखात आठ दिवसांनी एकदा ओलं फडकं फिरवावं. विणलेल्या वेतावर उभं राहून कधीही माळ्यावरचं काढू नका, आणि मुलांनाही चढू देऊ नका.

ढेकूण सांध्यांत आणि विणीच्या भोकांत लपतात. खुर्ची कडक उन्हात ठेवून सांध्यांत ब्रश फिरवा, पण तासन् तास तापवू नका, सांधे उकलतात. लाकडाखाली बारीक पिठी पडलेली दिसली तर किडा आत आहे असं समजा आणि ती खुर्ची बाकीच्यांपासून वेगळी ठेवा.

तेलकट रंग मुळीच लावू नका. लाकडाचा सारा देखणेपणा त्याखाली जातो. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं जुन्या पद्धतीचं पॉलिश करून घ्या. तेवढं जमत नसेल तर जवसाच्या तेलाचा पातळ हात कापडानं द्या आणि कोरड्या फडक्यानं पुसून काढा. तेलाचं फडकं मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेटू शकतं. पसरून वाळवा, मग टाका.

आणि नगरला आलात तर नुसत्या इमारती पाहून परतू नका. कॅम्पातून संध्याकाळी पायी फिरा, किल्ल्यातल्या त्या साध्या खोल्या पाहा, भंडारदऱ्याला एक दुपार काहीही न करता बसा. मग घरी गेल्यावर आपल्या बैठकीच्या खोलीकडे एकदा नीट बघा. घरातली सर्वांत चांगली जागा कोणाची आहे? ती तुमची नसेल, तर आजपासून रोज दुपारी अर्धा तास ती तुम्ही घ्या. चहा तिथंच मागवा!